छोट्या विमानाच्या पंखावरची हवा कह्यात आणताना: आधी दोरा, मग सेन्सर, शेवटी पिझो

६०० मिलिमीटर पंखपसारा, १२० मिलिमीटर कॉर्ड (पंखाची पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतची रुंदी), वजन २०० ग्रॅम. असं विमान सेकंदाला आठ मीटर वेगानं उडतं तेव्हा त्याचा पंख स्टॉलच्या, म्हणजे हवा पंख सोडून उचल कोसळण्याच्या, फार दूर नसतो. पुण्याची उंची सुमारे ५६० मीटर. तिथं तीस अंश तापमानाला हवेची घनता घनमीटरला साधारण १.०९ किलो भरते, म्हणजे या वेगाला गतिजन्य दाब अवघा ३५ पास्कल. एवढ्याशा दाबावर दोनशे ग्रॅम उचलायचे तर लिफ्ट गुणांक (पंख किती उचल देतो त्याचं माप) ०.८ च्या आसपास ठेवावा लागतो. वाऱ्याची एखादी झुळूक मागून आली की पंख पडतो, आणि तो बहुधा एका बाजूनं पडतो.

खरी अडचण रेनल्ड्स अंकाची, म्हणजे हवेच्या वेगाचा जोर तिच्या चिकटपणाच्या किती पट आहे त्या आकड्याची. वरच्या आकड्यांवरून तो सुमारे ५६,००० येतो; प्रवासी विमानाच्या पंखाला तो कोटींत असतो. लहान अंकाला पंखालगतचा हवेचा पातळ थर, म्हणजे सीमास्तर, बराच काळ लॅमिनर (न घुसळता, थराथरानं वाहणारा) राहतो. ऐकायला हे छान वाटतं, पण लॅमिनर थरात ताकद नसते. पंखाच्या माथ्यावरून खाली उतरताना दाब वाढू लागला की तो पृष्ठभाग सोडतो. नशीब असेल तर थोडं पुढे जाऊन टर्ब्युलंट (घुसळलेला) होतो आणि पुन्हा चिकटतो. मधे उरतो तो विलगनाचा बुडबुडा. नशीब नसेल तर चिकटतच नाही. एसडी७००३ हा या क्षेत्रात भरपूर तपासलेला एअरफॉइल (पंखाच्या छेदाचा आकार) घ्या. ६०,००० रेनल्ड्स अंकाला आणि चार अंश कोनाला (समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन) हवा कॉर्डच्या साधारण २० टक्क्यांवर सुटते आणि ६५ टक्क्यांच्या आसपास परत बसते. जवळजवळ अर्धा पंख बुडबुड्याखाली!

ही हवा मुद्दाम हाताळायची कल्पना सीमास्तराच्या कल्पनेइतकीच जुनी आहे. लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत सीमास्तर मांडला, तेव्हाच वृत्तचितीला फट पाडून, तिथून हवा ओढून घेऊन विलगन मागे ढकलता येतं हेही दाखवलं. सिलिकॉनवर कोरलेले सूक्ष्म सेन्सर आणि हलणारे सूक्ष्म पडदे पंखावर बसवण्याचं मोठं काम १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात चिह-मिंग हो आणि यू-चाँग ताई यांच्या गटांनी केलं. त्याच सुमारास अमेरिकेच्या डार्पा या संरक्षण-संशोधन संस्थेनं १५ सेंटिमीटरपेक्षा लहान विमानांचा कार्यक्रम काढला. आपल्याकडे बंगळूरच्या एनएएलनं (राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेनं) ‘ब्लॅक काइट’सारखी सूक्ष्म विमानं केली. पण तिथली यंत्रणा आपल्या टेबलावर नसते. पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या सुट्या भागांतून काय जमतं, तेवढंच इथं मांडतो: पंखाला एक बारीक फट पाडायची, तिच्यामागे पिझो चकती (वीज दिली की थरथरणारी सिरॅमिकची चकती) बसवून तिथून हवा फुंकायची, आणि हवा सुटते आहे हे सेन्सरनं ओळखून चकती चालू करायची. सोल्डरिंग, ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलरवर प्रोग्रॅम चढवणं आणि थ्रीडी प्रिंटिंग तुम्हाला येतं असं धरलं आहे.

पहिली पायरी: हवा कुठं सुटते ते शोधा

पैसे खर्च करण्याआधी एक संध्याकाळ एक्सफॉइलला द्या. एमआयटीच्या मार्क ड्रेला यांचा हा प्रोग्रॅम फुकट आहे. एक्सएफएलआर५ मधून तो चालवणं सोपं जातं. एअरफॉइल एसडी७००३, रेनल्ड्स अंक ५६,०००, कोन शून्यापासून बारा अंशांपर्यंत. ‘एन-क्रिट’ची (येणारी हवा किती शांत आहे ते सांगणाऱ्या आकड्याची) किंमत मुळात ९ असते, ती सर्वसाधारण वायुबोगद्याची (विंड टनेलची). घरगुती बोगद्यातली हवा तेवढी शांत नसते म्हणून ५ ते ७ ठेवा. मग पृष्ठघर्षणाचा आलेख काढा: रेषा शून्याखाली गेली तिथं हवा सुटली, परत वर आली तिथं बसली. कोन वाढवत नेला की सुटण्याची जागा पुढच्या कडेकडे सरकताना दिसेल.

या आलेखावरूनच फट कुठं पाडायची ते ठरतं. फट सुटण्याच्या जागेच्या किंचित आधी हवी. तिच्या मागे असेल तर आपण मेलेल्या हवेत फुंकर घालत बसतो. आपलं लक्ष्य स्टॉलच्या अलीकडचे कोन असल्यामुळे फट १० टक्क्यांवर, म्हणजे पुढच्या कडेपासून १२ मिलिमीटरवर घेऊ. स्टॉल झाल्यावर एक्सफॉइलच्या आकड्यांवर विसंबू नका, तिथं तो अंदाजच करतो.

दुसरी पायरी: पंखाचा तुकडा आणि बोगदा

पूर्ण विमान नको. २९८ मिलिमीटर लांबीचा पंखाचा सरळ तुकडा पुरतो. तो प्रिंट करताना उभा करा, म्हणजे थरांच्या रेघा हवेच्या दिशेत जातील. आडवा प्रिंट केला तर रेघा पंखपसाऱ्याच्या दिशेत येतात आणि दर ०.२ मिलिमीटरला एक नकळत पायरी तयार होते. मग पंख मुळातच ‘नियंत्रित’ होऊन बसतो आणि तुमची पिझो चकती काही करते की नाही हे कधीच कळत नाही. प्रायमर, पुट्टी आणि ४०० पासून १२०० पर्यंतचा पॉलिश पेपर. पुढच्या पंधरा मिलिमीटरवर जास्त मेहनत घ्या.

बोगदा हवा ओढणारा करा, ढकलणारा नको. पंख्याच्या पुढची हवा मागच्या हवेपेक्षा कितीतरी शांत असते. ३०० बाय ३०० मिलिमीटरची चाचणीची चौकट, मागे १८ इंची एक्झॉस्ट फॅन, पुढे ७५० बाय ७५० चं तोंड हळूहळू निमुळतं होत आलेलं. तोंडाशी प्लॅस्टिकच्या स्ट्रॉ रचून केलेली जाळी आणि तिच्या मागे, थोडं अंतर सोडून, मच्छरदाणीच्या कापडाचे दोन थर. प्लायवूड, फेविकॉल आणि एका बाजूला ॲक्रिलिक. फॅनचं तोंड बोगद्याला थेट खिळू नका, मधे रेक्झिनची सैल बाही ठेवा. नाहीतर मोटरची थरथर वजनमापकात उतरते.

पंखाच्या दोन्ही टोकांना भिंतीपासून साधारण एक मिलिमीटर मोकळी जागा ठेवून तो लोडसेलवर (वजन मोजणाऱ्या सेन्सरवर) तोला. बळं किती येतील? ०.८ गुणांकाला लिफ्ट एक न्यूटनच्या आसपास, म्हणजे शंभर ग्रॅम. त्याला एक किलोचा लोडसेल चालेल. ड्रॅग (हवेची मागे ओढ) मात्र पाचेक ग्रॅमच असेल, तिथं शंभर ग्रॅमचाच सेल लावा. दोघांचे आकडे वाचायला एचएक्स७११ ही चिप पुरते. मोठ्या कोनाला पंख बोगद्याची दहा टक्के वाट अडवतो, म्हणून इथले आकडे कुणाच्या प्रसिद्ध आलेखांशी ताडू नका. आपल्याला फक्त ‘चालू’ आणि ‘बंद’ यांतला फरक हवा आहे.

तिसरी पायरी: आधी दोरा लावा

मॉडेल उडवणाऱ्यांना हा उपाय कितीतरी दशकांपासून माहीत आहे. पंखाच्या वरच्या बाजूला, पुढच्या भागात, पंखपसाऱ्याच्या दिशेत एक दोरा चिकटवला की लॅमिनर थर अडखळतो, टर्ब्युलंट होतो आणि मग पृष्ठभाग लवकर सोडत नाही. जाडी किती? २० टक्के कॉर्डवर सीमास्तर साधारण एक मिलिमीटर जाड भरतो. त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून अर्ध्यापर्यंत, म्हणजे ०.३ ते ०.५ मिलिमीटर. मासेमारीची नायलॉन दोरी घ्या, तिच्या रिळावर जाडी छापलेली असते. १०, १५, २० आणि २५ टक्क्यांवर ती लावून प्रत्येक जागेचा लिफ्ट-ड्रॅगचा पूर्ण आलेख काढा.

या पायरीला फाटा देऊ नका. इलेक्ट्रॉनिक्स लावून पंख सुधारल्याचे पुष्कळ दावे फक्त नितळ पंखाशी तुलना करून केलेले असतात. तुमच्या यंत्रणेची स्पर्धा नितळ पंखाशी नाही, दहा रुपयांच्या दोऱ्याशी आहे. दोऱ्यानंच काम भागत असेल तर खुशाल तिथं थांबा, विमान हलकं राहील. दोरा कमी पडतो तो दोन ठिकाणी. एक, तो कायम असतो, त्यामुळे लहान कोनाला वेगात उडताना उगीच ड्रॅग खातो. दोन, मोठ्या कोनाला हवा पुढच्या कडेपाशीच सुटते, दोऱ्याच्या आधी, आणि मग दोरा निरुपयोगी होतो. पिझोनं आपली किंमत वसूल करायची ती या दोन ठिकाणी.

चौथी पायरी: काय मोजायचं आणि कशानं

विमानाच्या वेगमापकात सर्रास वापरला जाणारा एक पीएसआयचा दाबमापक इथं कामाचा नाही. त्याचा पल्ला सुमारे ६,९०० पास्कल, आपला सगळा खेळ ३५ पास्कलांत. एसडीपी८१० चा १२५ पास्कलचा प्रकार घ्या. त्याच्या आत हवेची अगदी बारीक धार वाहते आणि तापलेल्या घटकाच्या साहाय्यानं तिच्यावरून दाबातला फरक काढला जातो. त्यामुळे शून्य स्थिर राहतं, ही मोठी सोय. पण हवा खरोखर वाहत असल्यामुळे नळी लांब किंवा बारीक झाली की आकडा कमी येतो. एक-दीड मिलिमीटर आतल्या व्यासाची सिलिकॉन नळी, जमेल तितकी तोकडी, आणि सगळ्या नळ्या एकाच लांबीच्या. एकाच पत्त्याचे अनेक सेन्सर जोडायचे तर मधे टीसीए९५४८ए ही वाटा बदलणारी चिप लावा, तिला आठ वाटा असतात.

एक सेन्सर पिटो नळीला, वेगासाठी. बाकीचे पंखावर ०.५ मिलिमीटरच्या भोकांना: ५, ३०, ६० आणि ९० टक्के कॉर्डवर. भोकांची रांग किंचित तिरपी घ्या, म्हणजे पुढच्या भोकाची खळबळ मागच्या भोकावर येणार नाही. बुडबुडा असेल तिथं दाब सपाट पठारासारखा दिसतो. स्टॉल झाला की ५ टक्क्यांवरचं खोल ऋण शिखर कोसळतं आणि मागच्या कडेपाशी दाब सावरत नाही. चार भोकांवरून एवढं ओळखता येतं.

पण माझा जास्त भरवसा मायक्रोफोनवर आहे. आयएनएमपी४४१ सारखा मेम्स (सिलिकॉनवर कोरलेला सूक्ष्म) मायक्रोफोन स्वस्त असतो, काही ग्रॅमांच्या पट्टीवर मिळतो आणि ईएसपी३२ ला थेट जोडता येतो; त्याच्या दोन आयटूएस (डिजिटल आवाजाच्या) वाटांवर मिळून चार बसतात. त्याला स्थिर दाब कळत नाही, ६० हर्ट्झच्या खाली तो मंदावतो, तरीही दाबातली खळबळ तो उत्तम ऐकतो आणि आपल्याला हवी आहे ती खळबळच. ३०, ५० आणि ७५ टक्क्यांवर ०.५ मिलिमीटरचं भोक पाडून त्याच्या मागे मायक्रोफोन बसवा. मधली पोकळी शक्य तितकी लहान ठेवा, नाहीतर ती स्वतःच शिट्टीसारखी घुमते.

कोन हळूहळू वाढवत या तिघांचा आवाज नोंदला की चित्र स्पष्ट होतं. हवा जिथं पुन्हा चिकटते तिथं खळबळ सर्वांत जास्त असते. चार अंशांना मागचा मायक्रोफोन मोठ्यानं बोलतो. कोन वाढतो तसं हे शिखर पुढच्या कडेकडे सरकतं. स्टॉल होताच तिघांकडेही कमी वारंवारितेची धडधड येते. प्रत्येक मायक्रोफोनच्या आरएमएस आकड्याला (खळबळीच्या सरासरी जोराला) त्या क्षणाच्या गतिजन्य दाबानं भागा. हे केलं नाही तर वेग वाढला तरी यंत्रणेला स्टॉल झाल्यासारखं वाटेल.

सुती धाग्याच्या झिरमिळ्या लावून डोळ्यांनी पाहण्याचा मोह होईल. लावा, पण पंखाच्या मागच्या अर्ध्यावरच. पुढे लावलेली झिरमिळी म्हणजे तिसऱ्या पायरीतला दोराच.

पाचवी पायरी: फुंकणारी चकती

आपला ॲक्च्युएटर, म्हणजे हवेला धक्का देणारा भाग, आहे सिंथेटिक जेट. बंद डबीचा एक पडदा मागेपुढे हलतो. समोरच्या फटीतून हवा आत ओढली जाते, मग बाहेर फेकली जाते. आत येणारी हवा सगळीकडून येते, बाहेर जाणारी मात्र भोवऱ्यांच्या जोडीनं सरळ निघून जाते. सरासरी वस्तुमान शून्य, संवेग मात्र शिल्लक. जॉर्जिया टेकमध्ये आरी ग्लेझर यांच्या गटानं हे तंत्र नावारूपाला आणलं. नळ्या नकोत, पंप नको. दोनशे ग्रॅमच्या विमानात एवढंच परवडतं.

पडद्यासाठी बझरमधली २७ मिलिमीटरची पितळी पिझो चकती घ्या, वजन साधारण दोन ग्रॅम. डबी २५ मिलिमीटर व्यासाची आणि दीड मिलिमीटर खोल. फट अर्धा मिलिमीटर रुंद, २० मिलिमीटर लांब. पोकळी आणि फट मिळून स्वतःची एक घुमण्याची वारंवारिता असते. फटीच्या भिंतीची जाडी एक मिलिमीटर धरली तर या मापांना ती साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या घरात येते. पोकळी दुप्पट खोल केली की साडेतीन हजारांच्या खाली उतरते. चकतीची स्वतःची वारंवारिता कडेला ती किती घट्ट बसली आहे त्यावर ठरते. दोन्ही जवळ आल्या की जेट जोरात निघतो, म्हणून दोन-तीन खोलींच्या डब्या प्रिंट करून ठेवा. पोकळी पंखाच्या सर्वांत जाड भागात बसेल आणि तिथून एक छोटी वाट पुढच्या फटीकडे जाईल. ही वाट गुळगुळीत हवी. तिच्यामुळे वारंवारिता आणखी खाली येईल हे लक्षात ठेवा.

चकतीवर तार जोडताना सोल्डरिंग लोखंड दोन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, सिरॅमिक तापलं की त्याचा पिझो गुण जातो. पांढऱ्या भागावर सर्वांत बारीक तार, कडेपाशी. मग चकतीची पूर्ण कड अराल्डाइटनं बसवा, कुठंही हवा गळता कामा नये. गळती आहे का ते बघायचं तर फटीशी उदबत्ती धरा: धूर फटीसमोरच फेकला गेला पाहिजे, डबीच्या सांध्यांपाशी हलता कामा नये.

चकती चालवायला व्होल्टेज लागतं. ईएसपी३२ च्या डीएसीमधून (आकड्यांचं व्होल्टेज करणाऱ्या भागातून) साइन लहर, ती पाच व्होल्टच्या पीएएम८४०३ ऑडिओ ॲम्प्लिफायरला, आणि तिथून एकास दहा ट्रान्सफॉर्मर. चकतीवर साधारण ८० व्होल्ट पीक-टू-पीक मिळतात. सुरुवात २० व्होल्टपासून करा आणि चढवत जा. चकतीला तडा गेला की आवाज फाटतो आणि जेट मरतो. १५० व्होल्टच्या पुढे जायचं असेल तर हॅप्टिक्ससाठी (स्पर्शाला थरथर देणाऱ्या उपकरणांसाठी) बनलेले ड्रायव्हर मिळतात. काही झालं तरी उघड्या तारांना हात लावू नका, आणि चकतीला समांतर एक मेगओहमचा रोध लावा म्हणजे वीज बंद केल्यावर तिच्यात भार राहणार नाही. कानांत बोळे घाला. दोन-तीन हजार हर्ट्झची ही किंकाळी घरातल्या कुणालाच आवडत नाही.

आता ५०० पासून ५,००० हर्ट्झपर्यंत सावकाश जा. फटीपासून दोन मिलिमीटरवर बारीक स्टीलची नळी धरून ती दाबमापकाला जोडा. आकडा कमीच येईल, पण शिखर कुठं आहे ते कळेल, आणि तेच हवं आहे. समजा ते २,००० हर्ट्झला आलं. फटीतल्या हवेचा कमाल वेग सेकंदाला दहा मीटर असेल तर एका फेकीत ती सुमारे १.६ मिलिमीटर पुढे जाते, फटीच्या रुंदीच्या तिप्पट. असं गुणोत्तर एकाच्या खाली गेलं की फेकलेली हवा लगेच आत ओढली जाते आणि जेट तयारच होत नाही. वेग वाढत नसेल आणि वारंवारिता खूप वर असेल तर हे आधी तपासा.

सहावी पायरी: कोणत्या ठेक्यात

इथं बरेच जण अडकतात. सुटलेल्या हवेला परत आणायला लागणारी वारंवारिता पंखाच्या आकारावर ठरते: वेग भागिले कॉर्ड. आठ भागिले ०.१२, म्हणजे ६७ हर्ट्झ. स्टॉलनंतर पंखामागे सुटणाऱ्या भोवऱ्यांचा स्वतःचा ठेकाही १४ अंशांना ५५ हर्ट्झच्या आसपास येतो. झोका देणारा झोक्याच्या लयीतच धक्का देतो, तसं हे. आणि आपली चकती मात्र २,००० हर्ट्झलाच जोर दाखवते. ६७ हर्ट्झला ती जेमतेम हलते.

उपाय असा: चकती तिच्या २,००० हर्ट्झलाच चालवा, पण सेकंदाला ६७ वेळा चालू-बंद करा. हवेला प्रत्येक झुबका एकच धक्का वाटतो. झुबक्याची लांबी एकूण वेळेच्या चौथ्या हिश्श्याइतकी ठेवून सुरुवात करा. पुष्कळदा एवढ्यानं काम होतं आणि वीजही चौथा हिस्साच लागते. मग ठेका ३० पासून २५० हर्ट्झपर्यंत बदलून लिफ्ट बघा. शिखर गणितातल्या आकड्याच्या थोडं इकडेतिकडे येईल. तुमचा पंख सांगेल तो आकडा खरा.

जोर पुरेसा आहे का, म्हणजे जेटचा संवेग वाहत्या हवेच्या तुलनेत किती, याचा हिशेबही आधीच होतो. फटीची रुंदी भागिले कॉर्ड, गुणिले दोन, गुणिले जेट-वेग आणि हवेचा वेग यांच्या गुणोत्तराचा वर्ग. दहाच्या कमाल वेगाचा आरएमएस सातच्या आसपास धरला तर उत्तर ०.००६५ येतं, म्हणजे पाऊण टक्क्याच्या खाली. हवेच्या लयीत दिलेल्या धक्क्याला एवढं पुरू शकतं; नुसतं फुंकून हवा ढकलायची असती तर याच्या कितीतरी पट लागलं असतं. मात्र हा हिशेब फट ज्या रुंदीत आहे तेवढ्यापुरताच आणि चकती सतत चालू असतानाचा. ३०० मिलिमीटरच्या तुकड्यावर एकच २० मिलिमीटरची फट काय करील? फार काही नाही. निदान पाच-सहा चकत्या शेजारी-शेजारी बसवा, सगळ्या एकाच ठेक्यात.

सातवी पायरी: फसवणूक टाळणारं मोजमाप

आधी सगळे ‘बंद’चे आकडे, मग सगळे ‘चालू’चे, असं करू नका. लोडसेल तापमानानुसार सरकतो आणि फॅनचा वेग घरच्या व्होल्टेजबरोबर हेलकावतो. प्रत्येक कोनाला बंद, चालू, बंद असं दहा-दहा सेकंद घ्या आणि चालूची तुलना दोन बाजूंच्या बंदच्या सरासरीशी करा. कोन चढवताना एकदा, उतरवताना एकदा. स्टॉल झालेली हवा परत बसायला कमी कोन मागते, त्यामुळे दोन्ही आलेख वेगळे येतील.

तुलनेसाठी चार अवस्था हव्यात. फटीवर गुळगुळीत टेप लावलेला नितळ पंख. फट उघडी पण चकती बंद, कारण उघडी फट स्वतःच थोडी दोऱ्यासारखी वागते. फटीवर टेप आणि चकती चालू. या अवस्थेत काहीही फरक दिसला तर तो हवेचा नाही, तारांमधून लोडसेलमध्ये घुसलेल्या विजेचा किंवा थरथरीचा आहे. आणि चौथी, सगळं खरं. शेजारी दोऱ्याचा सर्वांत चांगला आलेख ठेवा. लहान कोनाला काहीच फायदा दिसला नाही तर निराश होऊ नका, तिथं तो अपेक्षितही नाही. नजर ठेवायची ती दहा अंशांच्या पुढे.

आठवी पायरी: सेन्सर आणि चकती यांचं लग्न

घाई कितीची आहे ते बघा. हवेला पंख ओलांडायला १५ मिलिसेकंद लागतात, आणि सुटलेली हवा पुन्हा बसायला असे पाच-दहा ओलांडे, म्हणजे ७५ ते १५० मिलिसेकंद. म्हणून दर २० मिलिसेकंदांना निर्णय घेणारा साधा लूप पुरतो. हजारो हर्ट्झच्या नियंत्रकाची इथं गरज नाही.

मायक्रोफोनला मात्र चकतीच मोठ्यानं ऐकू येते. २,००० हर्ट्झ काढून टाकायला ५०० हर्ट्झच्या खालचंच ऐकणारा फिल्टर लावा, पण ६७ चा ठेका आणि त्याच्या पटी त्यातून सुटतात, त्या वेगळ्या गाळाव्या लागतील. विमानात प्रोपेलरही भर घालतो: दोन पात्यांचा प्रोपेलर मिनिटाला ९,००० फेरे फिरला तर ३०० हर्ट्झ. तोही गाळा, आणि मोटरच्या वेगाबरोबर गाळणी सरकती ठेवा.

आता उंबरठा. भागाकार केलेला आवाज १०० मिलिसेकंदांच्या खिडकीत मोजा. सलग तीन वाचनं वरच्या उंबरठ्यापलीकडे गेली की चकती चालू. बंद केव्हा करायची हा खरा प्रश्न आहे. मायक्रोफोन शांत झाला की बंद, असं लिहिलंत तर गोल फिरत राहाल: चकतीनं हवा बसवली, म्हणून मायक्रोफोन शांत, म्हणून चकती बंद, म्हणून हवा परत सुटली. विमान हवेत डुलू लागेल. बंद करण्याचा निर्णय दुसऱ्या कशावर तरी सोपवा: पिटोनं वेग वाढल्याचं सांगितलं आणि एलिव्हेटरची (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीच्या फळीची) ओढ कमी झाली, तरच. दुसरा मार्ग चाचपणीचा. अर्ध्या सेकंदाला एकदा जोर थोडा कमी करून बघा. आवाज चढला तर परत वाढवा, नाही चढला तर आणखी कमी करा. बोगद्यात हा दुसरा मार्ग वीज बऱ्यापैकी वाचवतो. उड्डाणात मी पहिलाच सुचवीन.

नववी पायरी: विमानात

संपूर्ण पंखावर चकत्या लावू नका. प्रोपेलरमागची हवा आधीच घुसळलेली असते, तिथं त्या वाया जातात. प्रत्येक पंखाच्या बाहेरच्या तिसऱ्या हिश्श्यात, एलेरॉनच्या (विमान कलवणाऱ्या फळीच्या) पुढे, तीन-तीन पुरेत. स्टॉलमध्ये पंख पडतो तो तिथूनच.

वजन असं: सहा चकत्यांचे १२ ग्रॅम, डब्या आणि तारा तेवढ्याच, ॲम्प्लिफायर आणि ट्रान्सफॉर्मर १० ते १५ ग्रॅम, सेन्सर आणि ईएसपी३२ आणखी १५. दोनशेचं विमान अडीचशेला टेकतं. मूळ विमान १९० ग्रॅमच्या आत बसवा. विजेचंही तसंच. हे विमान सरळ उडायला बॅटरीतून ५ ते ६ वॉट घेतं. चकत्या सतत चालल्या तर दोनेक वॉट सहज खातील. वाढलेलं वजन उचलायला लागणारी जास्तीची वीजही त्यातच धरा. म्हणून चकत्या स्टॉलजवळचे काही सेकंदच चालाव्यात.

२५० ग्रॅमपर्यंतचं विमान ड्रोन नियम २०२१ प्रमाणे नॅनो गटात बसतं आणि त्याला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. हवाई क्षेत्राचे निर्बंध मात्र लागू राहतात, तेव्हा उडवण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघडून तुमची जागा हिरव्या भागात आहे याची खात्री करा. पुण्यात लोहगाव विमानतळाच्या बाजूला ती सहसा नसते.

पहिली उड्डाणं चकत्यांचा स्विच ट्रान्समीटरवर ठेवून, लूप न लावता करा. पहाटे, वारा पडलेला असताना, तीस-चाळीस मीटर उंचीवर मोटर बंद करून नाक हळूहळू उचला आणि पंख कधी पडतो ते बघा. पिटोचा वेग, जायरो (विमान किती वेगानं कलतं ते मोजणारा सेन्सर) आणि तिन्ही मायक्रोफोन कार्डवर नोंदवत राहा. बंद आणि चालू आलटून-पालटून. यात फरक दिसला तरच पुढचा प्रयोग: फक्त डाव्या पंखाच्या चकत्या चालू करून स्टॉलच्या उंबरठ्यावर विमान उजवीकडे कलतं का ते पाहा. तिथं एलेरॉन ढिले पडतात, तेव्हा जायरोवर दिसलेला थोडा कलही मोलाचा. लूप त्यानंतर जोडा, आणि तोही पायलटला एका स्विचनं तोडता येईल असा. पावसाळ्यात फटींवर टेप लावून विमान कोरड्या डब्यात ठेवा. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीत पाण्याचा थेंब बसला की ती कोरडी होईपर्यंत जेट निघत नाही.